माहीत असण्याची शिक्षा

कोरोनाच्या साथीत, १८ मार्च २०२० ला, सुरतकडे निघालेल्या गरीब रथमधून चार प्रवाशांना पालघरला उतरवण्यात आलं. ते जर्मनीहून आले होते आणि त्यांच्या हातांवर घरीच विलगीकरणात राहण्याचे शिक्के होते. सहप्रवाशांनी ते पाहिले आणि टीसीला सांगितलं. गाडीने मीरा रोड मागे टाकून फार वेळ झालेला नव्हता.

त्या चौघांवर लोक चिडले, ते चूक होतं असं मला वाटत नाही. घरी थांबायला सांगितलेला माणूस भरल्या गाडीत बसतो, तेव्हा शेजारच्या आसनावरच्या माणसाला विचारून बसत नाही. आपला कायदाही हे फार पूर्वीपासून मानतो. मद्रास उच्च न्यायालयापुढे १८८३ साली आलेल्या एका प्रकरणात पटकी झालेला माणूस आजार लपवून रेल्वेने गेला होता. भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ खाली तो दोषी ठरला. त्याचा आजार ठाऊक असूनही त्याचं तिकीट काढून सोबत गेलेला माणूसही अपप्रेरणेबद्दल दोषी ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २७१ झालं आहे. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरू शकेल अशी हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तेच घातकीपणाने केलं तर कलम २७२ खाली दोन वर्षांपर्यंत.

या कलमांत कुणाला प्रत्यक्ष लागण झाली हे सिद्ध करावं लागत नाही. रोग पसरण्याचा संभव होता आणि ते आरोपीला माहीत होतं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण होतं, एवढं पुरतं. त्यात शहाणपण आहे. सकाळच्या विरार लोकलमध्ये दाराशी चेंगरून उभ्या असलेल्या माणसाला क्षय कुणाकडून लागला, हे कोणतंही न्यायालय शोधू शकणार नाही. पण पुराव्याची ही सवलतच पोलिसांच्या हाती पडली की कलम स्वस्त होतं. पालघरला उतरवलेल्यांच्या हातावर शिक्का होता. आजार असल्याचं तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. मद्रासच्या माणसाला पटकी होती. शिक्का असणं आणि आजार असणं यांतला फरक साथीच्या भीतीत कुणाला दिसत नाही.

महाराष्ट्रात तो फरक शेवटी न्यायालयांना दाखवावा लागला. तबलिगी जमातच्या दिल्लीतल्या कार्यक्रमाला जाऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं स्पष्ट शब्दांत नोंदवलं. महिनाभराने नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांची प्रकरणं रद्द केली. त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. ज्याच्या अंगात रोगच नाही त्याने तो जाणूनबुजून पसरवला, असा आरोप महिनोन्‌महिने कागदावर उभा होता. हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी राहतात अशा मीरा रोडसारख्या उपनगरात या आरोपाचं ओझं कुणाच्या दारात पडलं असेल, हे सांगायला हवं का?

म्हणून माझं म्हणणं असं: जाणूनबुजून रोग पसरवण्याला शिक्षा असावी, पण तिची कक्षा अरुंद असावी. आजाराची खात्रीशीर माहिती, तो पसरवणं टाळण्याचा हाताशी असलेला मार्ग, आणि तरीही केलेली फसवणूक किंवा बेपर्वाई, हे तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय फौजदारी कलमाला हात लावू नये. यातली मधली अट सगळ्यांत जास्त विसरली जाते.

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये वन रूम किचन भाड्याने घेऊन राहणारं पाच जणांचं कुटुंब घ्या. कमावत्या माणसाला फुप्फुसाचा क्षय झाल्याचं आज कळलं. योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांकडून होणारा संसर्ग थांबतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात जास्त काळ लागू शकतो. म्हणजे समाजाला त्याच्याकडून हवे आहेत ते मुख्यतः हे सुरुवातीचे दिवस. पण त्या दिवसांत त्याने निजायचं कुठे? रोजंदारी बुडाली तर भाडं कोण देणार? अकरा महिन्यांचा करार संपत आला असताना घरमालकाला कळलं तर? निक्षय पोषण योजनेतून त्याला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हे चांगलंच झालं, पण ते पैसे आहाराचे. बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यातून होत नाही. हा माणूस तिसऱ्या दिवशी रुमाल बांधून लोकल पकडतो तेव्हा कलम २७१ चे सगळे शब्द त्याला लागू होतात. त्याला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ उचलत नाही. रुमालाऐवजी मास्क, भाड्याची हमी आणि नोकरीचं संरक्षण देऊनही तो खोकत गर्दीत शिरला असता, तर म्हटलं असतं.

दुसरा धोका याहून खोल आहे. माहिती असणं हाच गुन्ह्याचा पाया असेल, तर माहिती न करून घेणं हा सर्वांत सोपा बचाव ठरतो. चाचणीच केली नाही, मग मला काय ठाऊक? माहिती असण्याची किंमत काय पडते, हे गोव्याने १९८९ मध्ये पाहिलं. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नेहमी रक्तदान करायचा. त्याच रक्तातून तो एचआयव्हीबाधित असल्याचं समजलं. पोलिसांनी त्याला नेलं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याने कुणालाही फसवलेलं नव्हतं. रक्त द्यायला गेला आणि कैदी झाला. अशी गोष्ट ऐकलेल्या गावात स्वतःहून तपासणीला कोण जाईल?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा या धड्यातून काही शिकला. बाधित व्यक्तीने जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी, हे कर्तव्य तो सांगतो. पण सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी सार्थ भीती बाईला असेल, तर तिला सूट देतो. गुप्तता मोडणाऱ्याला मात्र दंड ठेवतो. आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर २०२० मध्ये मजला आणि फ्लॅट क्रमांकासह फिरलेल्या रुग्णांच्या याद्या आठवल्या की वाटतं, हे तत्त्व एचआयव्हीपुरतं न राहता प्रत्येक साथीच्या कायद्यात यायला हवं.

फसवणुकीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने १८८६ मध्येच वेगळा काढला होता. सिफिलिस असलेल्या एका वेश्येकडून गिऱ्हाइकाला रोग लागला. तिला कलम २६९ लागू होत नाही, असं न्यायालय म्हणालं, कारण त्या कृतीत तो पुरुषही सहभागी होता. तिने खोटं सांगून त्याला भुलवलं असेल तर फसवणुकीचा आरोप होऊ शकतो. त्या निकालातलं सगळं मला पटत नाही. नवऱ्याने आजार लपवला तर बायकोला ‘सहभागी’ म्हणणं क्रूर आहे. पण विचारल्यावर खोटं बोलणं आणि नुसतं आजारी असणं यांत रेघ ओढायला हवी, हे त्या न्यायाधीशांना दिसलं होतं.

आणि ती रेघ संस्थांनाही लागू करायला हवी, कारण माहिती आणि टाळण्याचं साधन या दोन्ही गोष्टी सर्वांत जास्त त्यांच्याकडे असतात. नागपुरात २०२२ मध्ये थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, त्यांतलं एक मूल दगावलं. लागणीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत नेहमीच्या तपासणीतून विषाणू निसटू शकतो, हे रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो काळ बराच कमी करणारी नॅट चाचणी उपलब्ध आहे, तरी देशभरच्या रक्तपेढ्यांना ती सक्तीची नाही. जन्मभर दर काही आठवड्यांनी दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही सक्ती न करणाऱ्यांना ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणता येत नाही. लोकलमध्ये खोकणाऱ्या भाडेकरूला कलम २७१ दाखवण्याआधी ही सक्ती का नाही, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.