बेवारस

बेवारस हा शब्द आपण प्रेतास लावतों, तसाच भुसावळच्या फलाटावर पडून राहिलेल्या वळकटीसहि लावतों. ज्यास वारस नाहीं तो बेवारस, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण ज्याचा वारस शोधण्याचे श्रम कोणीं घेतले नाहींत, त्यासहि आपण तोच शब्द वापरूं लागलों आहों. या दोन अर्थांतील अंतर आम्हांस धुळ्यास, पांझरेच्या कांठीं, एका शेजाऱ्याच्या मृत्यूनें कळलें.

गृहस्थ वृद्ध, एकटे राहणारे. तीस वर्षांत त्यांनीं आपलें गांव कोणास सांगितलें नाहीं. 'माझ्यामागें कोणास कळवूं नका,' असें मात्र ते एकदां आम्हांस म्हणाले होते. एके सकाळीं दार उघडलें नाहीं. पोलिस आले, पंचनामा झाला. ट्रंकेंत दोन धोतरें व एक पासबुक निघालें. मागाहून आम्हांस जुन्या पंचांगाच्या पानांत एक पोस्टकार्ड सांपडलें. त्यावर एका बाईचें नांव आणि जळगांवकडील चोपडें तालुक्यांतील एक गांव. मजकुराची बाजू कोरी. आतां कळवावें कीं न कळवावें?

कायद्यास ही अडचण नाहीं. १९५६ चा हिंदु उत्तराधिकाराचा कायदा मुलें, विधवा व आई यांपासून आरंभ करून दूरच्या आप्तांपर्यंत जातो, आणि कोणीच न निघाल्यास मालमत्ता सरकारजमा करतो. १८२७ च्या रेग्युलेशनावरून वारसाचा दाखला आजहि आपल्याकडे मिळतो. पण हा सारा शोध मालमत्तेच्या मागून चालतो. पासबुक असेल तर दूरचा चुलतभाऊहि न्यायालयांत उभा राहतो. नसेल तर शोधाची मुदत प्रेत टिकेल तेवढीच. आपल्या इतिहासांत तरी दुसरें काय दिसतें? वतनाचे तंटे झाले म्हणून वंशावळी लिहिल्या गेल्या, आणि त्या राजवाड्यांसारख्या संशोधकांच्या हातीं लागल्या. बिनवतनी मनुष्याचें नांव नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायाच्या वहींत उतरलें असेल तर असेल.

खुद्द इतिहासाचार्य राजवाड्यांची पत्नी लवकर निवर्तली. त्यांनीं पुन्हा विवाह केला नाहीं. आयुष्यभर इतरांचीं दफ्तरें धुंडाळून ते ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले. पुढल्याच वर्षीं धुळेकरांनीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ काढून त्यांचा कागदोपत्रीं संसार सांभाळला. रक्ताच्या नात्यावांचून वारस होतां येतें, याचा याहून चांगला दाखला खानदेशांत नाहीं. आणि आमच्या वाड्यांतील एका पक्षानें नेमका तोच पुढें केला. आपणच यांचे वारस, अग्नि आपणच देऊं, बाहेर कशास जावें? सर्वपित्रीस निपुत्रिकांसाठींहि धर्मपिंड ठेवणाऱ्या समाजांत हें म्हणणें गैर नव्हतें. आम्हांसहि तें बरेंचसें पटलें होतें.

मग विचार आला तो वाट पाहणाऱ्यांचा. ज्याची खबर सात वर्षें आप्तांस नाहीं, त्यास मृत मानण्याची सोय १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें केली व २०२३ च्या नव्या कायद्यानें ती कायम ठेविली. न्यायाधीशास सात वर्षें पुरतात. कुंकू लावावें कीं पुसावें हें न उमजणाऱ्या बायकोस, श्राद्ध घालावें कीं नवस बोलावा हें न उमजणाऱ्या आईस तीं पुरत नाहींत. मनुष्यास आपलें जीवन झांकून ठेवण्याचा अधिकार आहे, हें आम्ही मान्य करतों. पण मरणाची वार्ता ही त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हे; ती दडविण्यास शेजाऱ्यांनीं साह्य करावें, ही मागणी आम्हांस न्याय्य वाटली नाहीं. अर्थात् छळास कंटाळून जो घर सोडतो, त्याची गोष्ट निराळी. आणि आमच्या शेजाऱ्याची गोष्ट तशीच नव्हती, असें खात्रीनें सांगण्यास आम्हांपाशीं आधार नव्हता. आधार एवढाच, कीं ज्यास मागचें सारें तोडावयाचें असतें तो पत्ता लिहिलेलें कार्ड जपून ठेवीत नाहीं.

आम्हीं निरोप पाठविला. तिसऱ्या दिवशीं पन्नाशी उलटलेली एक पुतणी आली, आणि अग्नि तिनेंच दिला. पासबुकाची चौकशी तिनें केली नाहीं. कार्डावरचें नांव तिच्या आजीचें होतें. आजी मरेपर्यंत रात्रीं दारास कडी लावूं देत नसे, असें तिनें सांगितलें. आणि विचारलें, 'काका तिच्याविषयीं कधीं कांहीं बोलत का?' तिला सांगावें असें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें. जातांना तिनें तें कार्ड मागून घेतलें. आम्हीं मृतास दिलेला शब्द मोडला, असें वाड्यांतील दोघेजण अजूनहि म्हणतात, आणि त्यांच्याशीं वाद घालणें आम्हीं सोडून दिलें आहे.