वस्तीचे काम, पालिकेचा पैसा

पेशवाईत दर श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना, आणि बाकीच्या ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात जमवून. आज महापालिका स्वयंसेवी संस्थांना जो पैसा देते, त्यामागचा विचार कसा घडत गेला हे पाहायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. राज्य बुडाले तरी इंग्रजांनी तो निधी बंद केला नाही. १८२१ची पुण्यातली संस्कृत पाठशाळा त्यातूनच निघाली, १८५१च्या सुमारास मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ नेमली गेली, आणि त्याच निधीतून जोतीराव फुले यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मिळू लागले. निधी जुनाच होता, पण घेणाऱ्याची पात्रता आता जन्मावरून ठरत नव्हती. शाळा चालते का, मुली शिकतात का, हे तपासायला परीक्षक येत होते. सार्वजनिक पैसा माणसाला त्याच्या मानासाठी मिळण्याऐवजी त्याने हाती घेतलेल्या कामासाठी मिळू शकतो, हा विचार मराठी मुलखात इथे रुजला.

१८५४च्या, शिक्षणविषयक धोरण ठरवणाऱ्या वुडच्या खलित्याने या विचाराला नियमांची चौकट दिली. स्थानिक लोकांनी शाळा काढावी, तिचे चालक जबाबदार असावेत, विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी, तपासणीला दार उघडे ठेवावे, म्हणजे सरकार मदत करील. ही चौकट शहाणपणाची होती, पण तिच्यात एक पक्की खोट होती. ज्यांच्याकडे आधीच पैसा, शिक्षण आणि ओळखी आहेत, तेच शाळा काढू शकतात आणि तेच मदतीला पात्र ठरतात. १८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा आक्षेप होता. ते तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासदही होते आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. अनुदान कोणाला आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न स्थानिक सत्तेच्या जन्मापासूनच तिच्या पाठीस लागला आहे. तो आजही सुटलेला नाही, असे माझे मत आहे.

१८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात प्राथमिक शाळा चालवणे आणि दुसऱ्यांच्या शाळांना साहाय्य करणे ही दोन्ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये मानली गेली. संस्थेला मदत करणे हे पालिकेचे स्वतःचे काम पार पाडणेच आहे, ही त्यामागची भूमिका मला मोलाची वाटते. पुढे शंभर वर्षांनी शहरी स्थानिक संस्थांविषयीची ७४वी घटनादुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने प्रभाग समित्यांच्या कायद्यात एक वेगळी तरतूद केली. त्या प्रभागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी समितीवर घेता येतात. काल ज्यांनी अर्ज घेऊन दाराशी उभे राहायचे, त्यांना टेबलाशी बसवण्याची ही सोय होती. विचार इथवर नीट चालत आला आणि मग त्याची दिशा बदलली.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सफाईत हा बदल स्पष्ट दिसतो. २००१च्या सुमारास आलेल्या दत्तक वस्ती योजनेत वस्तीतल्याच संस्थेला पालिकेकडून पैसे मिळत आणि तिचे स्वयंसेवक गल्ली झाडत, घरोघरचा कचरा उचलत, गटारे मोकळी करत. हाताच्या रुंदीच्या गल्लीत कोणाचे पाणी पहाटे पाचला येते, कोणत्या वळणावर ड्रम ठेवला तर भांडण होते, हे तिथे राहणाऱ्याला ठाऊक असते, आणि योजनेचे सारे बळ त्यातच होते. २०१३मध्ये तिचे ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ झाले. २०२४मध्ये याच कामासाठी सुमारे १,४०० कोटींची, चार वर्षांची निविदा निघाली. अटी अशा होत्या की लहान संस्थांनी आपण स्पर्धेतच नाही असे म्हणत न्यायालय गाठले. जी उलाढाल आणि अनामत मोठ्या कंपनीलाच झेपते तिची अट घातली, की वस्तीची ओळख या गुणाला किंमत उरत नाही. वुडच्या खलित्यातली जुनी खोट नव्या कागदावर उतरते ती अशी.

यावर म्हटले जाते की अनुदानाच्या नावाखाली पालिका स्वस्तात काम उरकून घेते. माणसाला ‘स्वयंसेवक’ म्हणायचे, पगाराला ‘मानधन’ म्हणायचे आणि कामगार कायदा टाळायचा. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला, तो उगाच नाही. मात्र त्यातून एवढेच निघते की रोजचे, कायमचे काम पूर्ण वेतनानेच व्हायला हवे. वस्तीला संघटित करणे, कचरा वेगळा करायची सवय लावणे, भांडण मिटवणे हे काम हजेरीपटावर येत नाही. अनुदान त्यासाठी हवे. दुसरा आक्षेप वशिल्याचा. नगरसेवकाच्या मर्जीतल्या मंडळाला पैसे मिळतात, ही तक्रार शहरोशहरी आहे. पण वशिला निविदेतही शिरतो, आणि तिथे तो आकडेमोडीच्या आड अधिक सुरक्षित असतो. निकष आधी जाहीर करा, कोणाला किती मिळाले आणि कोणाचा अर्ज का नाकारला हे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

माझा आग्रह अनुदानाच्या मुदतीवर आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार केला. तीन हजारांहून अधिक सभासद, त्यात बहुसंख्य स्त्रिया, ढकलगाडी घेऊन घरोघर ओला-सुका कचरा घेतात, शुल्क घरांकडून घेतात, आणि भंगाराचे पैसे त्यांचे स्वतःचे असतात. पालिकेचा वाटा साधनांचा आणि देखरेखीच्या खर्चाचा. शहराचा एवढा भार उचलणाऱ्या या व्यवस्थेला २०२०च्या अखेरीस करार संपल्यावर काही महिन्यांच्या मुदतवाढीवर दिवस काढावे लागले. लहान संस्थांचे हाल याहून वाईट होतात. मंजुरी दिवाळीनंतर, रक्कम फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. सहा आठवड्यांत वर्षाचा पैसा खर्च करायला लावणारी पद्धत प्रामाणिक संस्थेलाही बिले जुळवायला शिकवते. तीन वर्षांची मंजुरी, दरवर्षी हिशेब तपासणी आणि पहिला हप्ता एप्रिलमध्ये, एवढे केले तर संस्था माणसे टिकवू शकेल. यावर चर्चा करण्याची जागा कायद्याने प्रभाग समितीच्या रूपात दिलेलीच आहे. मार्च २०२२पासून मुंबई-पुण्यात प्रदीर्घ काळ प्रशासक होते, तेव्हा संस्थांचे प्रतिनिधी नेमायला नगरसेवकच नव्हते. आता ती पदे भरताना एक नियम लेखी हवा. ज्या प्रतिनिधीच्या संस्थेचा अर्ज चर्चेला आहे, त्याने तेवढा वेळ बाहेर बसावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.