वापरात राहील तेच टिकेल

चर्चगेट स्थानकाला ज्या वेशीवरून नाव पडले, ती वेस मुंबईच्या किल्ल्याच्या तटाबरोबर १८६०च्या दशकात गेली. ज्या चर्चमुळे वेशीला ते नाव मिळाले, ते सेंट थॉमस कॅथेड्रल मात्र हॉर्निमन सर्कलजवळ उभे आहे. तिथे आजही रविवारची उपासना होते.

या चर्चचे काम गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७६च्या सुमारास काढले. पुढच्या वर्षी तो वारला आणि जवळपास चाळीस वर्षे नुसत्या अर्धवट भिंती उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी लोकांना उठवले, तेव्हा १७१८च्या नाताळात दारे उघडली. कॅथेड्रलचा दर्जा मिळाल्यावर मनोरा चढला, १८६०च्या दशकात वेदीकडचा भाग नव्याने बांधला गेला. आज आपण ‘जुने’ म्हणून जपतो, ते असे पिढ्यांच्या गरजांनी घडत आलेले आहे.

मग आजच्या पिढीने पंखे, ध्वनिक्षेपक किंवा चाकाच्या खुर्चीसाठी उतार मागितला, तर त्यात वावगे काय? काहीच नाही, फक्त दोन पथ्ये पाळावीत. नवे जोडाल ते उद्या जुन्या दगडाला धक्का न लावता काढता आले पाहिजे. आणि डागडुजी मूळ जिन्नसानेच व्हावी. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू सुकते. वरून सिमेंट थापले की ती आतच कोंडते, पोपडे धरतात, दगड भुसभुशीत होऊ लागतो.

तिसरे पथ्य मनाचे आहे. आत भिंतींवर कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांची संगमरवरी स्मारके आहेत. ती सत्ता संपली, ती स्मारके मात्र राहिली. न रुचणारा इतिहासही खोडू नये, एवढा संयम वारसदाराकडे हवा.

नेमाने येणाऱ्यालाच छताची गळती आधी दिसते. कुलूपबंद वास्तूची गळती छप्पर कोसळल्यावर कळते. पण छपराचा सगळा खर्च भाविकांच्या दानपेटीवर टाकणे न्यायाचे नाही. वास्तूचा अभिमान शहराला असेल, तर वाटाही शहराने उचलावा.

आपल्याकडे तर जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडाच्या देवळांना सर्रास ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवतात. पुढच्या वेळी अशा कामाची पावती फाडण्याआधी एवढे विचारा: चुना वापरणार की सिमेंट?