मुलं जेवतात कधी?

दहावी-बारावीतलं मूल ‘छातीत जळजळतंय’ म्हणालं की घरात उत्तर तयार असतं. ‘जागरणं करतोस, बाहेरचं अरबट-चरबट खातोस, मग पित्त होणारच.’ पाठोपाठ गोळी. परीक्षा तोंडावर असेल तर मनात आणखी एक शंका डोकावते: अभ्यास टाळायचं निमित्त तर नाही ना हे?

ही शंका मला फार अन्यायाची वाटते. ताप थर्मामीटरवर दिसतो, जळजळ कुठेच दिसत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंची एक कडी असते. ती नको तेव्हा सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराचं अस्तर ते आम्ल सोसतं, अन्ननलिकेचं नाजूक असतं, ते पोळतं. हे वरचेवर होऊ लागलं की घसा बसतो, रात्री खोकल्याची ढास लागते, दातांवरचं आवरण झिजतं. काही मुलांना तर जळजळ होतच नाही, नुसतं सकाळी मळमळतं आणि डबा तसाच परत येतो.

चाचणी सुरू असताना घशाशी आलेलं आंबट पाणी गिळत बसलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. बाहेर जाऊ का, असं विचारलं तर सगळा वर्ग वळून बघणार. म्हणून ती आदल्या दिवसापासून नीट जेवतच नाही. खेळाच्या तासाला वाकलं की पुन्हा तेच, म्हणून कडेला बसते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला पिझ्झा नको म्हणते, तर ‘भाव खाते’ हे ऐकून घेते. दोन-तीनदा सांगून कोणी मनावर घेतलं नाही की ती सांगायचंच सोडते. आणि घरच्यांना वाटतं, बरी झाली.

तिचा दिवस कसा जातो पाहा. सकाळी सहाला चहा-बिस्किटावर घर सोडायचं. कॉलेज, तिथून थेट क्लास, मधल्या पंधरा मिनिटांत उभ्या-उभ्या वडापाव. रात्री दहाला पान वाढलं जातं. दिवसभराची भूक असते, पोटाला तडस लागेपर्यंत जेवण होतं आणि साडेदहाला ती आडवी. डॉक्टर सांगतात, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. ते तास तिनं आणायचे कुठून? हे वेळापत्रक तिनं आखलेलं नाही. फी भरताना ते आपण वाचलेलं असतं.

मुलांची झोप व्हावी म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण झोपेची आणि वेळेवर जेवायची गरज चौथीनंतर संपत नाही.

गोळ्यांना माझा विरोध नाही. ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध १९८८मध्ये बाजारात आलं आणि असंख्य लोकांचा त्रास हलका झाला. ज्या मुलाला गरज आहे त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध मिळायलाच हवं. गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला काळं होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. खुपतं ते वेगळंच. वेळापत्रक जसंच्या तसं राहावं आणि त्यात मूल बसावं, म्हणून आपण दप्तरात गोळ्यांची पट्टी घालून देतो. मुलाच्या शरीरानं केलेली तक्रार अशी दाबून टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

क्लासच्या पालकसभेत आपण निकालाचे आकडे विचारतो. पुढच्या सभेत कोणीतरी उठून विचारावं, इथं मुलं जेवतात कधी? संध्याकाळी साडेसातला अर्ध्या तासाची सुट्टी, बसून डबा खायला जागा आणि पोटात ढवळलं तर न विचारता बाहेर जायची मुभा, एवढं तिथेच मागून घ्यावं.