वांगणीपर्यंत मागे सरलेलं आकाश

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी आमच्या बदलापूर लोकलच्या डब्यात 'विक्रम' चंद्रावर तीनदा उतरला. खरा तो उतरला सहा वाजून चार मिनिटांनी. पण दारातल्या पोराच्या मोबाइलवर तो आधी टेकला, खिडकीशेजारच्या काकांच्या मोबाइलवर जरा उशिराने, आणि माझ्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिल्याने सगळ्यांत शेवटी. दर वेळी डब्याने नव्या दमाने टाळ्या वाजवल्या. आमच्या डब्यात रोज भजन असतं. त्या दिवशी मंडळींचे टाळ मांडीवर गप्प पडून होते. तिसरा विक्रम उतरल्यावर कुणीतरी पुंडलिकवरदाचा गजर केला आणि दारात लोंबकळणाऱ्यांपर्यंत सगळे त्यात मिसळले. यूट्यूबवर इस्रोचं ते प्रक्षेपण एका वेळी ऐंशी लाखांहून जास्त लोक पाहत होते, हे नंतर वाचलं. आमचा डबा त्यातलाच.

घरी येऊन चहा घेताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती काही मनातून जाईना. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. म्हणजे आम्ही टाळ्या पिटत होतो तेव्हा चंद्र दक्षिणेला चांगला वर आलेला होता, ढगांच्या मागे का होईना. डब्यातल्या एकानेही खिडकीतून मान वर केली नव्हती. मीही नाही.

वडिलांची गोष्ट नेमकी उलटी. १९६९च्या जुलैत ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नुकतेच लागले होते. मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे आर्मस्ट्राँग त्यांना भेटला तो शेजाऱ्यांच्या रेडिओवर. त्याने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, साडेआठ वाजायला आलेले. त्या घटकेला चंद्र आपल्या आकाशात नव्हताच, उगवायचाच होता. संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाल्यावर वडील आणि त्यांचे दोन-तीन सोबती मैदानात जाऊन उभे राहिले. पाऊस लागलेला, डोक्यावर छत्र्या. ढगाला कुठे फट पडते का, याची वाट पाहत ते अर्धा-पाऊण तास थांबले आणि भिजून परत आले. दिसलं काही नाही. दिसणार तरी काय होतं? "पण माणूस तिथे असताना बघायला नको का?" असं ते नंतर म्हणायचे, जणू गावात पाहुणा आलाय आणि आपण दार उघडलं नाही. पुढे ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर मुंबईत येऊन गेले. वडिलांना रजा मिळाली नाही.

तो त्यांचा पराक्रम नव्हता, त्यांच्या देशाचाही नव्हता. तरी ते भिजले. आम्ही आमच्याच यानासाठी मान वर केली नाही. या दोन संध्याकाळींमध्ये काय घडलं, हे मी गेली दोन वर्षं जुळवून पाहतो आहे.

आकाशाकडे पाहणं आपल्याकडे जुनंच, पण ते कामाचं पाहणं होतं. माझी आजी मुरबाडकडची. तिला नक्षत्रं पाठ होती ती पावसासाठी: मृग कोरडं गेलं, आर्द्रा बरसल्या, यंदा वाहन बेडूक आहे की म्हैस. तारे तिने कधी 'पाहिले' असतील असं मला वाटत नाही. तिने ते वापरले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझा शाळासोबती राहायचा. त्याची आजी सिंध सोडून आलेली. ती दर महिन्याला अमावास्येनंतरची पहिली कोर शोधायला गच्चीवर यायची. सिंध्यांचा हा 'चंड'. त्यातला चैत्रातला तो चेटी चंड, त्या दिवशी सगळं उल्हासनगर रस्त्यावर असतं. एकीला पाऊस हवा होता, दुसरीला सणाची तिथी. आणि ज्या गावात मी वाढलो त्याच्या नावाचा अर्थच लोक 'आकाशाचा स्वामी' असा सांगतात. शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं शिलाहारांचं शिवमंदिर. गाभारा पायऱ्या उतरून खाली जमिनीत, आणि वरचं शिखर अपुरं.

कामाशिवाय, मुहूर्ताशिवाय, केवळ गंमत म्हणून तारे पाहावेत, हा विचार मराठीत कुणी आणला असेल, तर माझ्या मते शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. १८९६चा त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ विद्वान अजून मानतात. मला जास्त प्रिय आहे त्यांचं 'ज्योतिर्विलास', आणि त्याहून त्याचं दुसरं नाव: 'रात्रीची दोन घटका मौज'. पेशाने हा माणूस शिक्षक. आकाशाच्या पुस्तकाला त्याने 'ज्ञान' म्हटलं नाही, 'विद्या' म्हटलं नाही, 'मौज' म्हटलं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ दे, बाकी काही मागत नाही, असा तो करार.

हा करार पाळणारे थोडेच निघाले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून तो पाळते आहे. एरवी आकाश म्हटलं की भीतीच जास्त. १९७९च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या चाळीत दोन घरांनी मुलांना शाळेत पाठवलं नाही, आणि आजीच्या गावी कोंबड्यांची मेजवानी झाली. मरायचंच तर उपाशी कशाला? स्कायलॅब ११ तारखेला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडली, कोंबड्या फुकट गेल्या. पुढच्याच वर्षी १६ फेब्रुवारीच्या सूर्यग्रहणात भरदुपारी रस्ते ओस पडले होते. आम्ही खिडक्यांना चादरी लावून बसलो होतो. खग्रास पट्टा कारवार-हुबळीकडून जात होता. आमच्या चादरींपलीकडे निव्वळ खंडग्रास चाललं होतं, आणि तेही आम्ही पाहिलं नाही.

मग हॅले आला. मी चौदा वर्षांचा होतो. १९८६च्या मार्चमधली पहाट, चार वाजलेले, आमच्या शाळेतल्या एका सरांनी पंधरा-वीस मुलांना मैदानावर जमवलेलं, सगळ्यांत मिळून एक बायनॉक्युलर. माझा नंबर आला तेव्हा हात थंडीने की उत्सुकतेने थरथरत होते, आणि त्यामुळे धूमकेतूही थरथरत होता. ओल्या बोटाने फळ्यावरची खडूची रेघ पुसल्यावर राहतो तसला एक डाग. वर्तमानपत्रांतल्या चित्रांनी फसवलं होतं. पण सर म्हणाले, "हा परत येईल तेव्हा मी नसेन, तुम्ही असाल," आणि आम्ही मनातल्या मनात हिशेब करू लागलो: २०६१, वय एकोणनव्वद. मी अजूनही तो हिशेब अधूनमधून करतो.

त्या फिकट डागाने मात्र मोठं काम केलं. शीवच्या शाळेत १९८५ साली खगोल मंडळ सुरू झालं ते हॅलेच्याच निमित्ताने. कल्याणला आकाश मित्र मंडळ उभं राहिलं. ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांगही करत आणि ग्रहण बाहेर येऊन बघा असंही सांगत. दीक्षितांच्या मौजेला अखेर गिऱ्हाइकं मिळाली. आणि या गिऱ्हाइकांना जागा मिळाली ती आमच्या पुढच्या स्टेशनावर, वांगणीला.

वांगणीची रात्र ज्याने काढली नाही त्याला ती सांगायलाच हवी. सतरंजी, स्वेटर, डबा आणि टॉर्च घेऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलने उतरायचं. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधलेला, पांढरा उजेड पडला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा अर्धा तास आंधळे, म्हणून चुकून कुणी टॉर्च तसाच लावला तर चहूबाजूंनी "ए, लाइट!" ओरडा. माळावर आडवं पडायचं, कारण उभ्याने पाहिलं तर मान धरते. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे, त्यांच्या रेषेत खाली व्याध, वर रोहिणी, आणखी पुढे कृत्तिका. कृत्तिकांत सहा मोजले तर डोळे शाबूत. दुर्बिणीपुढे रांग. शनी पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "चिकटवलाय ना आत?" दोनला चहा. तीनला अर्धे लोक घोरतात. पहिल्या लोकलला दवाने ओल्या झालेल्या सतरंज्यांसकट सगळे परत, आणि बदलापूरला चढणारे नोकरदार या अवताराकडे बघून बाजूला सरकतात.

वांगणीच का, तर तिथे अंधार होता म्हणून. अंधार आधी अंबरनाथलाही होता. वडील सांगायचे, त्यांनी इथे सगळ्यांत देखणं आकाश पाहिलं ते १९७१च्या डिसेंबरात. दत्तजयंतीची पौर्णिमा होऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी युद्ध पेटलं. फॅक्टरीमुळे इथे ब्लॅकआउट कडक. काचांना काळे कागद, विडी पेटवली तरी हटकणारे वॉर्डन. चंद्र रोज उशिरा उगवू लागला आणि संध्याकाळी घराघरांतून बाहेर आलेल्या लोकांना डोक्यावर आकाशगंगा दिसली. बॉम्बच्या भीतीने बाहेर उभी असलेली माणसं तारे बघत होती. दुसरी खेप भारनियमनाची. साधारण २००५नंतरची ती वर्षं, रात्रीचे दोन-तीन तास सगळं बदलापूर काळंकुट्ट, गच्चीवर चटया, आणि शेजारच्या वहिनी मला विचारतात, "भाऊजी, हे एवढे तारे रोज असतात?" रोज असतात, वहिनी. म्हणजे आमच्या गावांना आकाश दिसलं ते एकदा शत्रूमुळे आणि एकदा वीजटंचाईमुळे. जाणूनबुजून आम्ही कधी अंधार केला नाही.

२००१च्या जनगणनेत बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. माझंही घर त्या वाढीतलंच, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू? पण बदलापूर वाढलं त्याच काळात इस्रोही वाढली: २००८ला चांद्रयान, २०१४ला मंगळयान, २०१९ला विक्रमशी संपर्क तुटला ती रात्र, मग २०२३. वर आकाश पुसट होत गेलं आणि हातातल्या पडद्यावर स्पष्ट होत गेलं. आम्ही पडद्याकडे वळलो, यात नवल नाही. मौजेची जागा अभिमानाने घेतली. अभिमान वाईट नाही. अभिमानाशिवाय संसदेत पैसे मंजूर होत नाहीत. पण अभिमानाला निकाल लागतो. यान उतरलं की उत्साह संपतो, पुढच्या यानापर्यंत. मौजेला निकाल नसतो, म्हणून ती चाळीस वर्षं वांगणीला जात राहते.

असं माझं ठाम मत होतं. ते भाचीने जरा हलवलं.

ती दहावीत. रॉकेटचे टप्पे, इंधनं, क्रायोजेनिक इंजिन, सगळं तोंडपाठ. सप्तर्षी दाखव म्हटलं तर मोबाइल काढते. गेल्या हिवाळ्यात मी तिला वांगणीला ओढून नेलं. पहिला तासभर ती ॲप आकाशाकडे धरून नावं वाचत होती आणि मी मनात चरफडत होतो. पहाटे उजाडायच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून एक ठिपका निघाला, व्याधाहून तेजस्वी, न लुकलुकता, सरळ वर चढत. "मामा, आयएसएस!" ती उठून उभी राहिली. चारशे किलोमीटर वर, नव्वद मिनिटांत पृथ्वीला एक फेरी, हे तिनेच सांगितलं. मग म्हणाली, "यात आत्ता माणसं आहेत." आणि मोबाइल खिशात टाकून मान मोडेपर्यंत बघत राहिली. मला क्षणभर छत्री घेतलेले वडील दिसले.

मी सुखावून म्हटलं, संध्याकाळी तर तो ठिपका अर्ध्या आकाशातच विझतो, का कोण जाणे. ती हसली. "मामा, पृथ्वीच्या सावलीत जातो तो. आत्ता सावलीतून बाहेर येत होता, म्हणून एकदम दिसला." चाळीस वर्षं ठिपके बघून मला हे सुचलं नव्हतं. तिच्या पिढीला आकाशात रस नाही, हे मी आता म्हणत नाही. तिला आकाश मिळालेलं नाही, इतकंच.

ते देता येतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी कुणी वीज तोडली नाही. आसपासच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून, उजेड फक्त खाली पाडणारे बसवले. आमच्याकडे रस्त्यावरचा एलईडी निम्मा उजेड रस्त्याला देतो आणि निम्मा माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला. त्यावर एक टोपी बसवली तर रस्ता अंधारत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नव्या दिव्यांच्या निविदांत एवढी एक ओळ घालावी, असा अर्ज मी आमच्या सोसायटीतल्या चौदा जणांच्या सह्यांनी तयार केला आहे. तुम्हीही तुमच्या सोसायटीत करा. मसुदा हवा असेल तर आमच्या डब्यात या, भजन संपल्यावर देतो.

आणि तोवर, पाऊस सरला की एखाद्या अमावास्येच्या शनिवारी बदलापूरच्या पुढे एक स्टेशन जा. लाल कागद विसरू नका.