हरलेल्याचं डोकं कुणाच्या खात्यात?

2024 च्या निवडणुकीत आमच्या ओमाहात घरांपुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाट्या उभ्या राहिल्या. त्यांवर ना उमेदवाराचं नाव, ना पक्षाचं. नुसता एक निळा ठिपका. लाल, म्हणजे रिपब्लिकन, नेब्रास्कातला आमचा मतदारसंघ वेगळा, एवढंच सांगणं. अमेरिकेचा अध्यक्ष 538 निर्वाचकांच्या मतांवर ठरतो. 48 राज्यांत जो पुढे, त्याला तिथली सगळी मतं. मेन आणि नेब्रास्कात मात्र मतदारसंघागणिक एकेक मत मिळतं. म्हणून माझ्या मताला इथे किंमत. तासाभरावरच्या लिंकनमधल्या, दुसऱ्या मतदारसंघातल्या माझ्या मावसबहिणीच्या मताला नाही.

"माझं मत वाया जातं," ती म्हणते. वाया गेलं असतं तर परवडलं असतं! निर्वाचक बहुतांशी लोकसंख्येच्या हिशोबानं मिळतात. त्या हिशोबात तिचं डोकं धरायचं आणि त्या जोरावर आलेलं मत तिनं नाकारलेल्या उमेदवाराच्या पदरात टाकायचं. 1787 साली फिलाडेल्फियात पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरून दक्षिणेतल्या मालकांचं वजन असंच वाढवलं. गुलामाला मतच नव्हतं, तिला आहे. हा फरक लहान नव्हे. पण खोड तीच.

आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, सिक्कीमच्या आमदाराचं 7. पण मत ज्याला दिलं, त्याच्याच खात्यात पडतं. वजन कमीजास्त असणं मी एक वेळ सोसेन. माझ्या तोंडी दुसऱ्याचं उत्तर घालणं नाही.

मग आमची पद्धत देशभर लावावी? मुळीच नको. मतदारसंघांच्या रेषा बहुतेक ठिकाणी सत्तेतला पक्षच आखतो. ती पद्धत सगळीकडे असती तर 2012 मध्ये ओबामांहून सुमारे 50 लाख मतं कमी पडूनही रॉम्नी अध्यक्ष झाले असते. त्यापेक्षा देशभरची मतं थेट मोजावीत. आमचे हे म्हणतात, तसं केलं तर वायोमिंगसारख्या छोट्या राज्याला कोण विचारेल? आज तरी कोण विचारतं? प्रचाराची विमानं उतरतात पेनसिल्व्हेनियात.

देशभरात ज्याला जास्त मतं, त्यालाच आपले सगळे निर्वाचक द्यायचे, असा राज्याराज्यांचा करार मेरीलँडनं 2007 मध्ये पहिल्यांदा मान्य केला. सामील राज्यांचे मिळून 270 निर्वाचक भरले की तो लागू होईल. अजून भरलेले नाहीत, आणि नेब्रास्का त्यात नाही.