रेती किती, माया किती

आजवर माझ्या हातून एकाही माणसाचा खून झालेला नाही. झाडांचे मात्र सात झाले, आणि सातही निव्वळ प्रेमापोटी.

मयतांची यादी अशी : मेक्सिकोकडच्या, दगडात कोरलेल्या कमळासारख्या दिसणाऱ्या चार एचेव्हेरिया, दक्षिण आफ्रिकेच्या दोन हॉवर्थिया आणि तिकडचंच एक जेड. सगळी मंडळी 'सक्युलंट' म्हणवणारी, कोरफडीच्या वळणाची. गुबगुबीत पानांत पाणी साठवून पावसाची वाट बघत बसायचं, एवढाच त्यांचा धंदा.

मी त्यांचं काय केलं नाही? काळीभोर माती आणली. तिच्यात निम्मं शेणखत मिसळलं, वर मूठभर निंबोळी पेंड, आणि रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी. कुंड्यासुद्धा चिनी मातीच्या, तळाला भोक नसलेल्या. गॅलरीची फरशी खराब व्हायला नको! पंधरा दिवसांत पानं जेलीसारखी दिसू लागली, बुंधा काळा पडला आणि हात लावताच झाडाचा मुकुट माझ्या हातात आला. मुळं कुजली होती. पाणी कमी पडलं असेल असं वाटून मी त्याही दिवशी एक तांब्या घातला.

नर्सरीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, याला उपाशी ठेवायला शिका."

त्याची पाककृती साधी होती. एक भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग विटेचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे आणि चवीपुरतं जुनं, कुजलेलं खत. रेती बारीक घेतली तर ती मातीतल्या पोकळ्या बुजवून बसते, म्हणून जाडच हवी. ऐपत असेल तर परलाइट घालावं. ज्वालामुखीतून निघालेली काच खूप तापवली की ती फुलते. म्हणजे या एका परीने दगडाच्या लाह्याच. दुकानातल्या तयार पिशवीवर सक्युलंटचं चित्र असलं तरी ती आधी उघडून पाहावी. मी आणलेलीत जवळजवळ सगळा नारळाचा भुसाच निघाला, आणि तो तर आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून बसतो.

मुळांना श्वास घ्यायला हवा लागते, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. मातीतल्या फटींत पाणी तुंबलं की हवा संपते, आणि मूळ घुसमटून कुजायला लागतं. बरं, ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. इतकी काटकसर अंगात मुरलेल्या पाहुण्याला मी रोज श्रीखंड-पुरीच्या पंगतीला बसवत होतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ आणि पात्र यांचा विचार केला आहे. मी पात्र म्हणजे कुंडी समजलो, आणि तीही चुकीचीच घेतली. खरं सांगायचं तर तांब्या ओतताना झाडाला काय वाटतं हे मी कधी पाहिलंच नाही. मला फार बरं वाटायचं. सकाळी सकाळी फुकटात सत्कृत्य!

पण 'उपाशी ठेवा' हे तत्त्वज्ञान मला पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्याने उपाशी राहण्याचे फायदे सांगणारा माणूस बहुधा जेवून आलेला असतो. माझे एक वरिष्ठ रजा नाकारताना "तुमच्याच भल्यासाठी" म्हणत आणि स्वतः महाबळेश्वरला जात. माझी झाडं तरी कुठे खाऊन मेली? ती कोंडून मेली.

हे सगळं मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, रंगवून सांगितलं. अण्णा मंगळवेढ्याचे. मालदांडी ज्वारी पोसणाऱ्या काळ्या रानात जन्म गेला. तेव्हा काळ्या मातीत काही मरतं हे त्यांना मानवेना. निदान तळाशी खापऱ्यांचा जाड थर घाल, म्हणाले. मी त्यांना ऐकवलं, की वरची बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खालच्या थरात उतरत नाही. उलट ओल मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी पुरे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"असं होय? मग मला का कोंडलंयस?"

अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे. गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे आहेत. जिना उतरायचा नाही, भाजी आणायची नाही, सुपारीसुद्धा मीच कातरून देतो. मऊ गादी, वेळेवर दूध, हाताशी घंटी. दिवसभर खुर्चीत डुलक्या घेतात. येणारेजाणारे म्हणतात, मुलगा असावा तर असा. मला फार बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून ठकठक ऐकू आली. अण्णा गोणपाटावर बसून हातोडीने विटा फोडत होते आणि हिच्या जुन्या चाळणीने चाळत होते. डोळ्यांत कपची जाईल, बोट चेचेल, असं म्हणत मी धावलो.

"अहो, फोडू द्या त्यांना," ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

विटा झाल्या. रेती नव्हती. समोर बांधकाम चालू आहे, तिथून मागून आणतो म्हणून अण्णांनी पिशवी घेतली, चपला शोधल्या. दोन मजले, कठडा एकाच बाजूला. मी दारापर्यंत गेलो. हात पिशवीकडे गेला होता; तो मागे घेऊन मी खिशात घातला. मग जिन्यावरच्या पायऱ्या मोजत उभा राहिलो. सोळाव्या पायरीवर ते थांबले.

"अरे, जाड आणू ना?" खालून आवाज आला.

"जाडच," मी म्हणालो.